अकराव्या मिनिटाला लॅपटॉप का दमतो?

मंगळवार, १२ मे २०४३. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी चंद्रपुरातल्या पिंपळशेंडे यांच्या दारात एक खोके आले. अकरा सत्तावीसला त्यातला लॅपटॉप सुरू झाला. अकरा अडतीसला तो मंदावला.

बाहेर तेव्हा चव्वेचाळीस अंश सेल्सिअस तापमान होते. ते कोणी लिहून ठेवले नाही. चंद्रपुरात मे महिन्यात चव्वेचाळीस ही काही बातमी नसते.

लॅपटॉप यामिनीचा होता. वय बारा, यत्ता सातवी. दुकानात मांडलेला आणि हात लावून घेतलेला हा लॅपटॉप नव्हता. पुण्याच्या एका छोट्या कार्यशाळेत मागणीप्रमाणे लॅपटॉप बांधून मिळत. फेब्रुवारीत यामिनीने आणि तिच्या आजोबांनी तिथला लांबलचक फॉर्म भरला होता. चिप कोणती, पडदा केवढा, जाडी किती, पंखे किती, रंग कोणता. यामिनीने सर्वांत वेगवान चिप निवडली, दोन पंखे निवडले, आणि रंग जांभळा. उरलेले रकाने आजोबांनी भरले. फॉर्म भरण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे.

लॅपटॉप हवा होता ‘वाराझेप’साठी. संगणकावरच्या या खेळात चार जणांचा संघ पंख बांधून डोंगरदऱ्यांवरून उडतो, आणि शालेय राज्य स्पर्धेत चंद्रपूर जिल्ह्याच्या संघात यामिनी सर्वांत पुढे उडणारी होती. स्पर्धेचा नियम कडक होता. प्रत्येक खेळाडूच्या यंत्राची तपासणी होई, तीही खेळाडूने नोंदवलेल्या पत्त्यावर, स्पर्धा-केंद्राने दिलेल्या वेळेलाच. चाळीस मिनिटे खेळ सलग चालवायचा. त्यात एकाही मिनिटाला सेकंदाची सरासरी १४० फ्रेमच्या (फ्रेम म्हणजे पडद्यावर क्षणभर दिसणारे एक स्थिर चित्र, अशी चित्रे भराभर सरकली की डोळ्यांना हालचाल दिसते) खाली जाता कामा नये. यामिनीची वेळ होती रविवारी, सतरा तारखेला, सकाळी अकरा. यंत्र नापास झाले, तर तिच्या जागी राखीव खेळाडू.

हातात पाच दिवस होते आणि लॅपटॉप अकरा मिनिटांत दमत होता.

खोक्यात लॅपटॉपबरोबर एक पाहुणाही आला होता. पालथ्या वाटीएवढा, तीन चाकांचा, एका डोळ्याचा यंत्रमानव. नवे यंत्र घरी नीट चालते की नाही हे पाहायला कार्यशाळा त्याला सात दिवस सोबत पाठवी. बाजार समितीत धान्य मोजून देणाऱ्या माणसाला मापाडी म्हणतात. या यंत्रमानवाचे नावही तेच होते, आणि स्वभावही.

“मापाडी, काय झालं?” यामिनीने विचारले.

“अकरा मिनिटे सात सेकंदांनंतर फ्रेम १४४ वरून १२१ वर आल्या.”

“ते तर मलाही दिसून राहिलं. काहून आल्या?”

“कारण मोजता येत नाही. काय मोजू ते सांगा.”

“आखडू कुठला!” यामिनी म्हणाली.

तिने लॅपटॉप बंद केला, अर्ध्या तासाने पुन्हा चालवला. अकरा मिनिटे झकास, मग १२१. तिसऱ्यांदा चालवला. पुन्हा तेच. बिघाड इतका वक्तशीर असतो का? हे कोडे होते. पण यामिनीला त्या दुपारी कोडे दिसले नाही; तिला फसवणूक दिसली. कारण कार्यशाळेने पाठवलेल्या चाचणीच्या चित्रफितीत हाच जांभळा लॅपटॉप चाळीस मिनिटे १४४ च्या खाली उतरला नव्हता.

दुपारी संघाची कप्तान झोया शेख हिचा बल्लारपूरहून फोन आला.

“आलं का मशीन?”

“आलं. अकरा मिनिटं पळते, मग बसते.”

“लॅपटॉप मागवला का म्हशीचं रेडकू?” झोया हसली, मग लगेच गंभीर झाली. “हे बघ यामू, रविवारपर्यंत नाही झालं तर मला सरांना सांगावं लागंन. मग अथर्व खेळंन तुझ्या जागी. मला आवडणार नाही, पण सांगावं लागंन.”

फोन ठेवल्याबरोबर यामिनीने कार्यशाळेला ध्वनिसंदेश पाठवला. त्यातले एक वाक्य असे होते : “तुम्ही दाखवली एक चिप आणि घातली दुसरी, हे आम्हांला कळलं आहे.”

कळले काहीच नव्हते.

* * *

बुधवारी दुपारी बारा वाजता केतकी नेर्लेकर यांचा फोन आला. लॅपटॉप त्यांनीच बांधला होता. पडद्यावर त्यांच्या मागे स्क्रू, तारा आणि अर्धवट उघडलेली यंत्रे दिसत होती. त्या रागावल्या नव्हत्या. त्यामुळे यामिनीला जास्तच अवघडल्यासारखे झाले.

“यामिनी, मापाडीला चिपचा क्रमांक वाचायला सांग. मी इथे माझ्या नोंदीतला वाचते.”

दोघांनी बारा अंकी क्रमांक वाचला. एकही अंक वेगळा नव्हता.

“आता पंखे?”

“दोन्ही पंखे मिनिटाला चार हजार आठशे फेरे,” मापाडी म्हणाला. “चाचणीच्या वेळीही तेवढेच.”

“सॉरी, ताई,” यामिनी हळूच म्हणाली.

“असू दे. पण मग मंदावतो का, हे मलाही कळायला हवं. चाचणीच्या नोंदीतला एक आकडा तुला सांगते. चाळिसाव्या मिनिटाला चिपचं तापमान सत्याऐंशी अंश होतं. तुझ्याकडे किती जातं?”

लॅपटॉप पुन्हा चालवण्यात आला. मापाडी दर मिनिटाला आकडा सांगत गेला. ऐंशी. पंच्याऐंशी. एक्क्याण्णव. अकराव्या मिनिटाला पंच्याण्णव, आणि त्याच क्षणी फ्रेम घसरल्या.

“बघ,” केतकीताई म्हणाल्या, “पंच्याण्णव ही या चिपची लक्ष्मणरेषा. चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म बटणं असतात, ती सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करतात. दर उघडझापीला चिमूटभर उष्णता तयार होते. पंच्याण्णवच्या वर गेलं तर चिप जळेल. म्हणून ती स्वतःच उघडझाप कमी करते. उघडझाप कमी, उष्णता कमी, आणि फ्रेमही कमी. याला गतिसंकोच (यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवणे) म्हणतात. ती दमत नाही, शहाणपणा करते.”

“मग पुण्यात काहून नाही केला शहाणपणा?”

इतका वेळ दाराशी उभे असलेले आजोबा आत आले. दौलतराव पिंपळशेंडे, वय एकाहत्तर. औष्णिक वीज केंद्रात एकतीस वर्षे नोकरी, तीही सगळी थंडक-मनोऱ्यांच्या (वीज केंद्रातले तापलेले पाणी गार करणारे उंच, कमरेत बारीक मनोरे) विभागात. लॅपटॉपमधले आपल्याला काही कळत नाही, असे ते कालपासून चारदा म्हणाले होते. पण तापमान हा शब्द कानावर पडला आणि त्यांना राहवेना.

“बाई, नमस्कार. तुमच्या चाचणीच्या खोलीत किती होतं?”

“तेवीस अंश, काका. एसी असतो आमच्याकडे.”

“यामू, इथं किती आहे, विचार त्या तुझ्या वाटीला.”

“खोलीत त्रेचाळीस,” मापाडी म्हणाला.

ही खोली घराची आतली खोली होती. पिंपळशेंड्यांच्या घरात कूलर बाहेरच्या खोलीत, आणि विजेच्या नाजूक वस्तू आतल्या खोलीत, असा नियम होता. नियम यामिनीच्या आईचा. सात वर्षांपूर्वी कूलरच्या तुषारांनी टीव्ही गेला, तेव्हापासून तो मोडलेला नव्हता. तशी ही रीत गल्लीत सगळ्याच घरांची होती. माणसे गारव्यात, यंत्रे कोरड्यात.

यामिनीला एक प्रश्न सुचला. “मापाडी, मशीनच्या खाली किती? जिथून पंखा हवा ओढतो तिथं?”

मापाडीने तारेसारखा हात लॅपटॉपखाली सरकवला. “सत्तेचाळीस.”

“खोलीत त्रेचाळीस आणि खाली सत्तेचाळीस? हे चार अंश आले कुठून?”

आजोबा देवघरात गेले आणि पेटलेली उदबत्ती घेऊन आले. टेबल कोपऱ्यात, दोन भिंतींना चिकटवून ठेवलेले होते. त्यांनी उदबत्ती लॅपटॉपच्या मागे धरली. धूर जोरात भिंतीकडे गेला, भिंतीवर आपटला, वळला, टेबलाच्या कडेने खाली आला आणि लॅपटॉपच्या पोटात शिरला.

“अरे देवा!” यामिनी म्हणाली. “हे तर स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत घेऊन राहिलं!”

“मनोरे जवळजवळ बांधले की आमच्याकडेही असंच व्हायचं,” आजोबा म्हणाले. “एकाची गरम हवा दुसऱ्याच्या नाकात. पण थांब. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर गुण कोणाचा ते समजत नाही.”

टेबल खोलीच्या मधोमध आणले. बाकी सगळे तसेच. यावेळी लॅपटॉप पंधराव्या मिनिटाला पंच्याण्णववर पोचला, आणि फ्रेम १२१ वर न उतरता १२७ वर थांबल्या. केतकीताई फोनवरच होत्या. मध्ये त्यांनी चहाही करून घेतला.

“सहा वाढल्या,” यामिनी म्हणाली. “अजून तेरा पाहिजेत.”

“त्या अशा नाही येणार,” आजोबा म्हणाले. “आधी हिशेब समजून घे. या डब्यात वीज किती जाते?”

“खेळताना एकशे साठ वॅट,” केतकीताईंनी सांगितले.

“आणि बाहेर काय येते?”

यामिनी विचारात पडली. “चित्रं?”

“चित्रांना काही वजन असते का? डब्यातून ना पीठ दळून निघत, ना पाणी उपसून. जेवढी वीज आत, जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर. जाईल नाही तर कुठं? जायला वाट पाहिजे. बाई, वाट कशी केली तुम्ही?”

“तांब्याच्या उष्णतानळ्या आहेत,” केतकीताई म्हणाल्या आणि मागची एक चपटी नळी उचलून दाखवली. “आत थेंबभर पाणी असतं, हवा काढून टाकलेली. चिपच्या बाजूला पाण्याची वाफ होते, वाफ दुसऱ्या टोकाला पळते, तिथे पातळ पत्र्यांवर पंखा वारा घालतो. वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या जाळीतून ते झिरपत परत येतं. वाफ होताना पाणी उष्णता घेतं, पाणी होताना सोडतं. दिवसभर हीच ने-आण.”

आजोबांचे डोळे चमकले. “म्हणजे आमचंच वीज केंद्र की! तळहाताएवढं!”

“आबाजी, मनोऱ्यांतून धूर निघायचा ना?”

“धूर नाही, पोरी. एकतीस वर्षं हेच सांगत आलो लोकांना. पाण्याचे बारीक थेंब ते. धूर निघायचा चिमणीतून.” ते खुर्चीत बसले. “आता ऐक. आपल्या गच्चीवर टाकी आहे. खालच्या नळाला पाणी कसं येते?”

“जोरात.”

“वरच्या मजल्यावर?”

“करंगळीएवढं.”

“टाकी तीच, पाणी तेच. फरक कशाचा? टाकी आणि नळ यांच्या उंचीतला. उंचीचा फरक जास्त, तर धार मोठी. उष्णतेचं तसंच. चिप म्हणजे टाकी, खोली म्हणजे नळ. दोघांच्या तापमानात जेवढा फरक, तेवढी उष्णता वाहते. आता कर हिशेब.”

यामिनीने वही ओढली. पुण्यात चिप सत्याऐंशी, खोली तेवीस. फरक चौसष्ट अंश, आणि बाहेर गेली एकशे साठ वॅट उष्णता. म्हणजे एका अंशाला अडीच वॅट. चंद्रपुरात चिप पंच्याण्णवच्या वर जाऊ शकत नाही. कोपऱ्यात खालची हवा सत्तेचाळीस, म्हणून फरक अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस गुणिले अडीच, एकशे वीस वॅट. टेबल मध्ये घेतल्यावर फरक बावन्न, एकशे तीस वॅट.

“म्हणजे चिपला एकशे साठ वॅट खायचे आहेत,” ती हळूहळू म्हणाली, “पण बाहेर जायला वाट एकशे तीसचीच. म्हणून ती खाणंच कमी करते.”

“शाब्बास!” फोनमधून आवाज आला.

“पण मग सुरुवातीची अकरा मिनिटं कशी जातात?”

“तवा ठेवल्या ठेवल्या तापतो का?” आजोबांनी विचारले. “तांबं, पत्रा, सगळा सांगाडा आधी तापावा लागते. तोवर उष्णता त्यांच्यात मुरते. ते भरले, की मग सगळा भार वाटेवर.”

कोड्याचा उलगडा झाला होता. आता उरला एकच प्रश्न. खोली किती गार असली, तर एकशे साठ वॅट जातील? यामिनीने उलटा हिशेब केला. फरक चौसष्ट हवा. पंच्याण्णव वजा चौसष्ट.

“एकतीस,” ती म्हणाली. “खोली एकतीस अंशांची पाहिजे.”

 फोनमधून कागद चाळल्याचा आवाज आला.

“यामिनी, तुमचा फॉर्म माझ्यासमोर आहे,” केतकीताई म्हणाल्या. “‘उन्हाळ्यात वापराच्या खोलीचे सर्वाधिक तापमान’ या रकान्यात तुम्ही एकतीसच लिहिलंय. म्हणून मी तेवढ्याच नळ्या घातल्या. जास्त लिहिलं असतं, तर तिसरा पंखा घातला असता. जाडी चार मिलिमीटरनी वाढली असती, इतकंच.”

यामिनीने आजोबांकडे पाहिले. आजोबा छताच्या पंख्याकडे पाहत होते.

“मीच लिहिलं,” ते म्हणाले. “आणि अंदाजाने नाही लिहिलं. मागच्या मे महिन्याची माझी वही काढली. दुपारी तीनची नोंद. जिथं आपण बसतो, त्या खोलीतली. कूलरच्या.”

“पण आबाजी, मशीन तर आपण कूलरच्या खोलीत कधीच ठेवत नाही!”

“नाही ठेवत,” आजोबा म्हणाले. “एकतीस वर्षं पोरांना शिकवलं की थर्मामीटर कुठं लावला ते आधी पाहा. आणि मी माणसांच्या खोलीत मोजून यंत्राच्या रकान्यात लिहिलं.” मग त्यांनीच विचारले, “बाई, तिसरा पंखा आता?”

“सांगाडाच बदलावा लागेल. तीन आठवडे.”

रविवारला चार दिवस होते.

* * *

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सुट्टीतल्या प्रशिक्षणाहून ती गुरुवारी दुपारी परतली, तेव्हा जांभळा लॅपटॉप बाहेरच्या खोलीत, कूलरपासून सात फुटांवर एका स्टुलावर होता.

“कोणी आणला हा इथं?”

“मी,” यामिनी म्हणाली.

“मी,” आजोबा म्हणाले.

“टीव्हीचं काय झालं होतं आठवते का दोघांना?”

“आई, टीव्ही कूलरच्या तोंडाशी होता. त्याच्यावर पाणी उडायचं. इथं एक थेंब येत नाही, मापाडीने मोजलं.”

“थेंब नाही, पण दमट हवा तर आहे ना? ती आत जाऊन पाणी नाही होणार?”

प्रश्न बरोबर होता. उत्तर देण्याऐवजी यामिनीने स्वयंपाकघरातून दोन स्टीलचे पेले आणले. एकात माठातले पाणी आणि फ्रीजमधला बर्फ, दुसऱ्यात चहा. दोन्ही तिने स्टुलाशेजारी ठेवले. पाच मिनिटांत बर्फाच्या पेल्याला बाहेरून घाम फुटला. चहाचा पेला कोरडा ठणठणीत.

“हवेतली वाफ गार वस्तूवरच पाणी होऊन बसते,” ती म्हणाली. “मशीन चालू असताना हवेपेक्षा गरम असते. चहाच्या पेल्यासारखं.”

“आणि बंद केल्यावर?”

 हे यामिनीने हिशेबात धरले नव्हते.

“बंद केल्यावरही ते खोलीएवढंच राहील, खोलीहून गार नाही होणार,” आजोबा म्हणाले. “तरी काम झालं की आतल्या खोलीत. तुझा नियम अर्धा ठेवू.”

आईने चहाचा पेला उचलला. “हा मीच पिते,” ती म्हणाली. परवानगी मिळाली, असे घरात सर्वांनी धरले.

त्या दुपारी कूलरच्या खोलीत एकतीस अंश होते. लॅपटॉप चाळीस मिनिटे चालला. चिप चौऱ्याण्णववर पोचली, पंच्याण्णवला टेकली, आणि तिथेच राहिली. फ्रेम १४४. यामिनीने झोयाला फोन केला.

“झालं! पूर्ण चाळीस मिनिटं!”

“वा गं! पण काठावरच आहे ना? खाली बर्फाची पिशवी ठेव. माझा भाऊ ठेवतो.”

“तुझ्या भावाला सांग, मशीन धुवायचं असंन तर सरळ नळाखाली धर म्हणावं.”

* * *

शनिवारी दुपारी चार वाजता आभाळ आले. पाऊस पडला नाही, नुसते ढग. चटका कमी झाला आणि गल्लीत लोक ओट्यांवर येऊन बसले. यामिनीलाही बरे वाटले. उद्या हवा गार, म्हणजे खोली गार, म्हणजे फरक मोठा.

“मापाडी, बाहेर किती?”

“एकोणचाळीस.”

“आणि कूलरच्या खोलीत?”

“चौतीस.”

“चुकला तू. पुन्हा मोज.”

“चौतीस.”

बाहेर पाच अंश उतरले आणि घरात तीन अंश चढले. यामिनी कूलरकडे धावली. पाणी होते, पंप चालू होता, जाळीतला वाळा ओला होता. वाराही तेवढाच. फक्त तो गार नव्हता.

आजोबा ओट्यावरून उठून आले.  त्यांनी दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलकडे बोट दाखवले. सकाळपासूनचा टॉवेल अजून ओलसर होता. परवा तो वीस मिनिटांत वाळला होता.

यामिनी टॉवेलला हात लावून उभी राहिली. मग म्हणाली, “पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेते, म्हणून कूलर गार करते. पण आज हवेतच आधीची वाफ आहे. नवीन पाणी उडायला जागा कमी. म्हणून टॉवेल वाळत नाही, आणि कूलरही चालत नाही.”

“बाष्पीभवन (पाण्याची वाफ होणे) कोरड्या हवेला आवडते,” आजोबा म्हणाले. “चव्वेचाळिसाच्या उन्हात कूलर राजा, आणि ढगात नुसता पंखा.”

“चौतीस म्हणजे फरक एकसष्ट,” यामिनीने मनात हिशेब केला. “एकशे बावन्न वॅट. आबाजी, काठाखाली जाईन मी.”

“कितीने?”

“एका फ्रेमने. कदाचित दोन.”

आजोबा तिच्याजवळ बसले. “मग दोन वाटा आहेत. एक, उद्या ढग जातील म्हणून वाट पाहायची. ते आपल्या हातात नाही.”

“दुसरी?”

“आपल्या हातात काय आहे ते पाहा.”

यामिनीने वही उघडली. आठवडाभराचे सगळे आकडे तिच्यात होते : कोपरा, मधले टेबल, कूलर, ढग. संध्याकाळपर्यंत तिने एका पानावर त्यांचे कोष्टक केले. खाली चार ओळी लिहिल्या. “यंत्र एकच आहे. चिप एकच आहे. बदलली ती फक्त हवा. आपल्या तपासणीच्या नोंदीत खोलीच्या तापमानाचा रकाना नाही. तो असावा, अशी विनंती.” मापाडीने आकडे खरे असल्याची आपली मोहोर उमटवली. तेवढे तो करू शकत होता.

रविवारी सकाळी ढग तसेच होते. अकरा वाजता तपासणी सुरू झाली. पंचवीस मिनिटे फ्रेम १४४ होत्या. सव्विसाव्या मिनिटाला चिप पंच्याण्णवला टेकली. पुढची चौदा मिनिटे मापाडीने एकच आकडा चौदा वेळा सांगितला.

“१३९.”

आई चटईवर बसून होती. झोया फोनवर होती. अकरा चाळीसला यामिनीने नोंद पाठवली, आणि सोबत जोडले ते कोष्टक.

“आता काय?” झोयाने विचारले.

“आता ते वाचतील,” यामिनी म्हणाली.

रविवारी संध्याकाळी पाच वीसला स्पर्धा-केंद्राचा एका ओळीचा संदेश आला : ‘तपासणीच्या वेळी आपल्या खोलीचे तापमान किती होते व ते कोठे मोजले, हे कळवावे.’ यामिनीने दोन्ही उत्तरे लिहिली. हाच प्रश्न अकोला, जळगाव आणि परभणीच्या खेळाडूंनाही गेल्याचे झोयाने रात्रीच्या जेवणाआधी शोधून काढले. सोमवारी केतकी नेर्लेकर यांनी कळवले की कार्यशाळेत आता पंचेचाळीस अंशांची एक चाचणी-खोली तयार होत आहे, आणि पहिला तीन पंख्यांचा सांगाडा तिथेच तपासला जाईल.

स्पर्धेच्या नियम समितीची बैठक बुधवारी आहे. पहिला सामना शनिवारी. सोमवारी दुपारी बारापर्यंत चंद्रपूरच्या संघाच्या यादीत चौथ्या, म्हणजे यामिनीच्या, नावापुढे ‘पात्र’ही लिहिलेले नव्हते आणि ‘अपात्र’ही. केंद्राच्या तपासणी-अर्जात मात्र एक नवा रकाना दिसू लागला होता.